काका, किटली, ओतणे

मारेगावला आमच्या शेजारची पोरगी घरबसल्या रोबोटला शिकवते. व्हिडिओतल्या वस्तूभोवती चौकट काढायची आणि माणूस काय करतोय ते लिहायचं. मी चहा ओतला तरी पुटपुटते, "काका, किटली, ओतणे." वैताग येतो.

परवा ती आमच्या ओट्यावर पाण्याच्या कॅनपुढे थबकली. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊन आम्ही त्यात प्यायचं पाणी भरतो. कापसाला भाव नाही, चांगला कॅन कोण फेकतो? तिनं पाणी ओतून दिलं आणि खिळा ठोकून कॅनला भोक पाडलं.

"काय करून राह्यली वं?"

"पाणी भरल्यानं जहराचा कॅन पाण्याचा होत नाही, काका. मशीनले शिकवलं, तिले समजलं. आता तुमीच राह्यले."

संध्याकाळी मी नवी कळशी भरत होतो. कुंपणापलीकडून आवाज आला, "काका, कळशी, शिकणे."