बिल्ला एक, मालक दोन

दुष्काळात आमच्या भागातल्या एका सहकारी संस्थेनं चारा छावणी काढली, तेव्हा मी तिच्या ऑफिसात संगणकावर होते. गावोगावचे गटसचिव जनावरांच्या याद्या नोटपॅडमध्ये टाइप करून पेनड्राइव्हवर आणून द्यायचे. एका ओळीत एक जनावर: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, मालक, बाकीचा तपशील, मधे स्वल्पविराम. इतक्या ओळी हातानं भरायच्या तर मी तिथंच म्हातारी झाले असते. म्हणून मी एक कमांड लिहिली. फाइल तिच्या हवाली केली, की सगळ्या ओळी डेटाबेसच्या टेबलात जाऊन बसायच्या. नियम एकच घातला होता: एक बिल्ला एकदाच. दुसऱ्यांदा आला तर ती ओळ बाहेर, वेगळ्या फाइलीत. एकच म्हैस दोन नावांवर चारणारे दोन-तीन महाभाग या नियमानं पकडले होते, त्यामुळे मी जरा हवेतच होते.

आमच्या गावची यादी चढवली, तेव्हा एकच ओळ बाहेर पडली. यादी नावांच्या क्रमानं होती, आणि त्या बिल्ल्याचा बैल वर, माझ्या वडिलांच्या नावावर आधीच बसला होता. बाहेर पडलेल्या ओळीत नाव होतं शेजारच्या रानातल्या काकांचं. त्यांचा एक बैल, आमचा एक. दोन्ही मिळून जोडी जुंपायची, आधी त्यांचं रान, मग आमचं. ही सावड माझ्या जन्माआधीपासूनची. काका त्या साली बायकोला घेऊन ऊसतोडीला गेले होते. जाताना सचिवाकडे बैल आपल्या नावावर लिहवला आणि वडिलांकडे सांभाळायला दिला. वडिलांनी दोन्ही बैल छावणीत नेऊन बांधले आणि दोन्ही स्वतःच्या नावावर लिहवले.

मी वडिलांना फोन लावला.

"दादा, काकांचा बैल दोन नावांवर आलाय. कुणाचं ठेवू?"

"माझंच ऱ्हाऊ दे. त्यो तिकडं कोयता चालवतोय, हितं सही कोण करणार? एका बैलाला दोन मालक दिसले तर तपासणीत बोंब हुईल."

"मग काकांच्या कानावर घाला."

"घालतो की. आमी काय येगळे हाव का?"

मला पटलं. वडिलांचं न पटायला तोवर मला कधी कारणच मिळालं नव्हतं. मी ती ओळ बाहेरच ठेवली आणि आमच्या गावची यादी चोख आहे, असं साहेबांना सांगून टाकलं.

छावणी उठायच्या आधीच वडिलांनी दोन्ही बैल सोडवले. छावणीच्या दाखल्यावर नाव त्यांचंच, अडवणार कोण? आष्टीच्या बाजारात त्यांनी जोडीच विकली. मला हे कळलं काका परत आल्यावर. मी घरी जाऊन भांडले. वडील शांतपणे तांब्यानं पाणी प्याले आणि म्हणाले, "कागदावर माझाच हाय. तूच चढवलास न्हवं?"

केसानं गळा कापणं कशाला म्हणतात, ते मला माझ्याच घरात शिकायला मिळालं. संताप होताच, पण त्याहून जास्त लाज वाटली. मी न जेवता निघाले.

दोन दिवसांनी काका ऑफिसात आले. चपला दाराबाहेर काढल्या, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"माय, तुझ्या मशिनीत माझं नाव हाय का बघ."

मी बिल्ल्याचा नंबर टाकला. वडिलांचं नाव आलं. तिथंच थांबता आलं असतं. पण मी ती दुसरी फाइल उघडली आणि पडदा त्यांच्याकडं फिरवला. काकांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं.

"हे तर मीच. मग भाईर कावून काढलं?"

"बिल्ला दोनदा आला होता, काका. मी विचारलं होतं."

"कुणाला?"

"दादांना."

त्यांनी बोट पुढं सरकवलं. ओळीच्या शेवटी दहा आकडे होते. मी ते तोवर एकदाही वाचले नव्हते.

"ह्यो माझा नंबर हाय की, माय," काका म्हणाले. "फोन चालू व्हता माझा."