अर्ध्या बोटाचा ठसा

इंजिन खोलायच्या आधी गॅरेजमध्ये एक पूजा करावी लागते. तिला नारळ-उदबत्ती लागत नाही. बॉनेट वर करायचं, कमरेवर हात ठेवायचे, दोनदा मान हलवायची आणि विचारायचं, "हिला याच्या आधी कोणी हात लावला?" गिऱ्हाईक जे नाव सांगेल त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या, की झाली पूजा. मागच्या मिस्तरीला शिव्या न घालता जो पाना उचलतो, त्याला काही येत नाही असं गिऱ्हाइकाला वाटतं.

कुंभार पिंपळगावात गॅरेज टाकून संघपालला दीड वर्ष झालं होतं आणि एवढ्या दिवसांत ही पूजा त्यानं चांगलीच घोटली होती. शिकला मात्र तो स्वतःच. त्याआधी टेंभुर्णीत कडूबा मिस्तरीच्या हाताखाली त्यानं सात वर्षं काढली, पण त्या माणसाला पूजा येतच नव्हती. कोणाचंही बिघडलेलं काम समोर आलं की कडूबा नुसता "हं" म्हणायचा आणि दुरुस्त करायला बसायचा. संघपालला वाटायचं, अशानं धंदा कसा वाढायचा?

मंगळवारी सकाळी शेजूळ सर पांढरी कार घेऊन आले. वर्षभरापूर्वी त्यांनी ती टेंभुर्णीतल्या एका ग्रामसेवकाकडून जुनी घेतली होती आणि बदली होऊन इकडच्या शाळेत आले होते. गाडी जिथं उभी राहील तिथं तेलाचे थेंब सोडायची. शाळेचा शिपाई रोज फरशी पुसून वैतागला होता. त्यात आठ दिवसांपासून इंजिन सुरू केलं की डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज यायचा.

संघपालनं बॉनेट वर केलं. इंजिनातल्या चेनच्या बाजूच्या झाकणाच्या कडेनं सिलिकॉन, म्हणजे गळती थांबवायचा तो चिकट लेप, ओठाबाहेर आलेल्या पानाच्या पिकासारखा ओघळून वाळला होता.

"अरारारा! सर, हे कुण्या मिस्तरीनं केलं का केकवाल्यानं? इंजिनावर क्रीम फासली राजा!"

सर हसले. मास्तर हसला की संघपालला जोर चढायचा.

"बघा, बाहेर इतकं हाय तर आत किती असल! ह्याला कोणी शिकवलंच न्हाई. बापजन्मी इंजिन पाह्यलं नसल यानं."

"अरे, पण ग्रामसेवक तर म्हणत होते, कडूबा मिस्तरीचं काम आहे. टेंभुर्णीचे," सर म्हणाले.

इथं संघपालनं थांबायला पाहिजे होतं. पण कडूबाकडून निघताना दोघांचं थोडं वाजलं होतं. "अजून एक साल थांब, तुझा हात घाई करतो," असं म्हातारा चार माणसांत बोलला होता. ते संघपालला अजून टोचत होतं.

"कडूबा मिस्तरी व्हय?" तो हळहळल्यासारखं करत म्हणाला. "चांगला माणूस व्हता. पण वय झालं ना सर. हात थकले, नजर गेली. मंग असंच व्हतं."

सर "च्च च्च" करत शाळेत गेले.

दुपारपर्यंत संघपालनं झाकण काढलं. चेनला मागून ढकलून ताणून धरणारा जो टेन्शनर असतो, तो तेलाच्या दाबावर चालतो. झाकणाच्या आत लोंबणारा सिलिकॉनचा एक तुकडा तुटून त्याच्या तेलाच्या भोकात जाऊन बसला होता. तेल नाही, म्हणून दाब नाही, म्हणून चेन ढिली आणि फुटाण्यांचा आवाज. सगळं सरळ होतं. संघपाल शिट्टी वाजवत झाकणाच्या कडेचा वाळलेला लेप सोलायला लागला. रबराच्या पट्टीसारखा तो एका दमात वीतभर निघाला.

पट्टीवर बोटाचे ठसे होते. लेप लावल्यावर कोणीतरी तो बोटानं दाबत गेलं होतं. दर बोल्टापाशी एक खड्डा. खड्डा गोल नव्हता. पुढून तुटका, चपटा, आणि मधोमध एक तिरपी रेघ.

संघपालनं उजव्या हाताची तर्जनी वर केली. तिचं पहिलं पेर कडूबाकडे तिसऱ्या वर्षी एका इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं. उरलेल्या टोकावर टाक्याची तिरपी रेघ होती. रेशन दुकानातल्या मशीननं हे बोट आजवर कधी ओळखलं नव्हतं. सिलिकॉननं मात्र बराबर ओळखलं.

मग एकेक आठवत गेलं. ग्रामसेवकाची ही गाडी त्यानंच खोलली होती. कडूबा तेव्हा डोळे तपासायला जाफराबादला गेला होता. "बारीक लाव. मेथीच्या दाण्याएवढं. आधी तीनदा पूस," असं सांगून गेला होता. आणि संघपालला त्याच दुपारी कुंभार पिंपळगावची ही जागा बघायला निघायचं होतं. पुसलं एकदाच. लेप ओतला ट्यूब संपेपर्यंत.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. गॅरेजमध्ये कोणीच नव्हतं, तरी त्याचे कान तापले. पट्टी त्यानं पान्यांच्या खोक्यात तळाशी घातली.

पुढचं काम त्यानं कडूबा उस्ताद शेजारी उभा असल्यासारखं केलं. टेन्शनर सुटा करून पेट्रोलमध्ये धुतला, भोकातून तार घालून हवा मारली, स्प्रिंग बसवली, दांडा आत दाबून पिन लावली. चेनच्या खुणा जुळवल्या, टेन्शनर बोल्टांनी घट्ट बसवला, पिन ओढली. इंजिन हातानं दोन फेरे फिरवून खुणा परत पाहिल्या. झाकण तीनदा पुसलं. लेप मेथीच्या दाण्याएवढा. दुसऱ्या दिवशी गाडी मांजरीसारखी गुरगुरायला लागली, खाली थेंब नाही.

सर खूश झाले. "तुझ्या उस्तादाला मी कालच फोन लावला होता बरं का. नंबर ग्रामसेवकांकडून घेतला. चांगलं सुनावलं. म्हटलं, तुमचाच चेला तुमचं काम निस्तरतोय!"

संघपालच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. "काय म्हणले उस्ताद?"

"काही नाही. म्हणाले, असंल सर, राहून गेलं असंल. गरीब माणूस वाटला मला."

खरं सांगायला संघपालनं तोंड उघडलं होतं. त्यातून शब्द आले ते असे, "एक चक्कर मारून बघा सर, आवाज आला तर सांगा."

गुरुवारी दुपारी फोन वाजला. कडूबा.

"संघ्या, काम चालू हाय का?"

"न्हाई उस्ताद. बोला."

"ती मास्तरची गाडी तू खोलली म्हणं. मला जरा इस्कटून सांग. भोक बुजलं व्हतं का?"

"व्हय."

"सिलिकॉननं?"

"व्हय."

"दोन दिस झाले, आठवून राह्यलो. मी कव्हाच इतका लावत न्हाई रे. पण मास्तर म्हणतो ते खोटं कसं असल? तुझी काकी म्हणती, परवा चहात साखर दोनदा टाकली म्या. एक जीप आलीय, इंजिनाच्या हेडचं काम हाय. खोललीच न्हाई. पाना धरला की वाटतं, ह्यात बी कायतरी इसरलं तर? मालकाला सांगणार हाय, दुसरीकडं ने म्हणून. तू फकस्त एवढं सांग, डाव्या अंगाला जास्त व्हता का उजव्या? माझी डावी नजर कमी हाय."

आता या माणसाला उजवं-डावं काय सांगायचं? संघपालनं पान्यांच्या खोक्यातून ती पट्टी काढली.

"उस्ताद, त्याच्यावर बोट उमटलंय."

"कुणाचं?"

"अर्धं."

पलीकडं कडूबानं नाक ओढलं. रडला की हसला, कळलं नाही.

"भडव्या," तो म्हणाला. सात वर्षांत त्याच्या तोंडून निघालेली ही पहिली शिवी. "मास्तरला सांगितलं?"

"न्हाई."

"मंग मला कामून सांगतो? मला म्हाईतच हाय आता. त्यानं मला फोनवर हेडमास्तरवानी झापलं, मी तव्हा गिऱ्हाइकांत बसेल व्हतो."

संघपाल पोचला तेव्हा शाळेत मधली सुट्टी चालू होती. शिक्षकांच्या खोलीत पाच जण डबे उघडून बसले होते. "या या मिस्तरी!" शेजूळ सर म्हणाले आणि इतरांकडे वळले. "हाच तो. त्या म्हाताऱ्यानं लावलेली वाट यानंच निस्तरली."

संघपालनं पट्टी टेबलावर ठेवली. शेजारी आपलं बोट ठेवलं. वाटेत जुळवलेलं भाषण सगळं उडालं.

"सर, ते काम माझं व्हतं. उस्ताद गावात नव्हते. शिव्या बी मीच दिल्या, मलाच."

सहावीच्या कौसल्या मॅडमनी चष्मा लावून ठसा पाहिला, मग बोट पाहिलं, मग पुन्हा ठसा. शेजूळ सरांचं तोंड उतरलं, कारण ही गोष्ट त्यांनी या खोलीत दोनदा रंगवून सांगितली होती.

"मग काल का नाही बोललास?"

"लाज वाटली."

"आणि ते म्हातारे? त्यांना काय वाटलं असेल?" सर वर्गात पोराला विचारतात तसं विचारत होते. उत्तर दोघांनाही माहीत होतं. मग आपणच फोनवर सुनावलं होतं, हे त्यांना आठवलं असावं. त्यांनी डबा सरकवला आणि सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर लावला.

"कडूबा मिस्तरी, मी शेजूळ बोलतोय. परवा मी तुम्हाला जे बोललो ते चुकलं. संघपाल इथं उभा आहे. त्यानं सांगितलं सगळं."

"सांगितलं का? बरं," कडूबा म्हणाला. मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणाट येत होता. "सर, मंग ठेवतो. जीप खोलून राह्यलो, हात तेलाचे हायेत."

"संघपालशी बोलता का?"

"नगं. त्याला म्हणा, माझा सतराचा पाना त्याच्याकडंच राह्यलाय दीड सालापास्नं. तेवढा आणून दे."

फोन बंद झाला. पाचही जण संघपालकडे बघत होते. पाना खरोखरच त्याच्याकडे होता.