विहिरीपाशी सहा पोफळी

विमल मल्ली,

तू कुलपती झालास. पेपरात फोटो पाहिला. झगा पायघोळ होतोय, शिवून घे. आता तरी ये. काथ्याची दोरी मी आणून ठेवली आहे.
— अक्का

कुसुमा अक्कांनी पाकीट चिकटवलं. मातर शहराजवळच्या एका गावात आयुष्यभर गणित शिकवलेली बाई. पाल्हाळ जमायचं नाही.

अक्कांचा मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ विमल, मातरच्या कोर्टात वकील होता तेव्हा आवाज नाक्यापर्यंत जायचा. अशिलाच्या चुलीशी बसून नारळाची रोटी खायचा. न्यायाधीश झाला आणि गप्पच झाला. लग्नाला जायचा नाही, कुणाच्या ओट्यावर चहा घ्यायचा नाही. उद्या त्याच माणसाचा खटला समोर आला तर?

त्याच वर्षी चुलतभाऊ पियदासनं कुंपण पुढे ढकललं. वडिलांनी हद्दीवर लावलेल्या सहा पोफळी त्याच्या बाजूला गेल्या, विहीरही गेली. हद्द आखून पोफळी लावताना वडिलांच्या दोरीचं दुसरं टोक विमलनं धरलं होतं. अक्का तेव्हा शहरात शिकत होत्या.

"हद्द कुठं होती ते विमलनं समोर उभं राहून सांगावं, कुंपण मागे घेतो," पियदास म्हणाला. विमल येणार नाही हे त्याला पक्कं माहीत.

"मी दावा लावते," अक्का भावाला म्हणाल्या.

"जिंकलीस तर म्हणतील, भावानं जिंकवलं."

"आणि हरले तर?"

"तर म्हणतील, असला कसला न्यायाधीश. अक्का, निवृत्त झालो की येतो."

एकोणीस वर्षं अक्कांनी स्वतःच्या विहिरीचं पाणी मागून घेतलं. पियदास बादली भरून द्यायचा, वर म्हणायचा, "माग की अक्के, लाजतेस काय? मी काही सुप्रीम कोर्टात बसलेलो नाही."

विमल निवृत्त झाला, महिन्याभरात कुलपती. पत्र पोचल्यावर त्याचा फोन आला.

"दोन गाड्या पोलीस असतात बरोबर. पियदास म्हणेल, धाक दाखवायला आणले."

"मग बसनं ये."

"बसनं येऊ देत नाहीत, अक्का." आवाज इतका बारीक की त्यांनी फोन कानात खुपसला. "काल चार तास उभा राहून पदव्या दिल्या. एकाशीही बोललो नाही. पौर्णिमेला, पोयेच्या सुटीला येतो. नक्की."

पोयेला सगळं गाव पांढरे कपडे घालून देवळात गेलं. अक्का खुंट्या, दोरी आणि रिकामी बादली घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. ऊन चढलं. लोक देवळातून परतले. रस्त्यावर गाडी नव्हती.

पलीकडून पियदास आला. "कुलपती येणार होते म्हणे?"

"येणार आहे," अक्का म्हणाल्या, आणि दोरी काखेत धरून त्यांनी बादली कुंपणावरून पुढे केली.