दोन डबे ओढत बीसलपूरच्या पाण्यावर

जयपूरला बदली होऊन मला तीन वर्षं झाली, पण आमच्या जवाहर नगरातल्या घरी नळाला येणारं पाणी कुठून येतं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. ते अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील. डोळे दाखवायला गावाहून आले होते. पहिल्याच सकाळी त्यांनी बादलीत हात घातला, बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाले, "विहिरीचं न्हाय हे. धरणाचं हाय. केवढं हाय धरण?"

शेजाऱ्यांकडून कळलं की हे पाणी बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून येतं. अण्णांनी ते नाव दोन-तीनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं.

अण्णांनी सारा जन्म उजनीच्या पाण्यावर मासे धरले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि मी बँकेत अधिकारी झालो तो त्यांच्या होडीमुळे. सातवीनंतर त्यांनी मला होडीत पाय ठेवू दिला नाही. "हाताला वास लागला तर पुस्तकाला लागंल," म्हणायचे. त्या एका हट्टामुळे मी आज खुर्चीत बसतो.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. अण्णांना आता नळकांड्यातून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काहीच नाही. गावाकडे पांडू नावाच्या शेजाऱ्याला त्यांची होडी विकत हवी होती. मला वाटत होतं, देऊन टाकावी आणि अण्णांनी आमच्याकडेच राहावं. मी तसं म्हणालोही.

"एकदा मोठ्या पाण्यावर जाऊन बघू दे," अण्णा म्हणाले. "नजरंबिगर नुसत्या हातावर जमतंय का, तेवढंच बघतो. जमलं तर होडी ठेवतो. न्हाय जमलं तर पांडूला फोन."

सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शाखेत एक कामगार नेहमी येतो. त्याचे मामा रामधनजी बीसलपूरला मासेमारी करतात. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही पहाटेच्या बसने निघालो. अण्णांच्या पिशवीत एक जुना टॉवेल होता, त्यात दोरीचं रीळ आणि एक चमचा. स्टीलचा साधा जेवायचा चमचा, दांडा कापलेला, दोन्ही टोकांना भोक पाडून एका बाजूला गळ अडकवलेला. गावाहून निघतानाच त्यांनी तो बरोबर घेतला असणार. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

बाहेर धुकं होतं. मोहरीची शेतं पिवळी असतील, पण दिसत होती राखाडी. देवळीला उतरलो तेव्हा ऊन पडलं नव्हतं. तिथे कढी-कचोरी खाल्ली, म्हणजे कचोरी कुस्करून तिच्यावर गरम कढी. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि द्रोण माझ्यापुढे सरकवला. पुढचा प्रवास जीपने. जीपवाल्याने विचारलं, "दर्शन करने जा रहे हो?" धरणाच्या भिंतीपाशी महादेवाचं पुरातन मंदिर आहे, बहुतेक लोक तिथेच येतात. मी हो म्हणून टाकलं.

पाणी पहिल्यांदा दिसलं ते दोन डोंगरांच्या फटीतून. मग जीप वळली आणि सगळंच दिसलं. पलीकडचा काठ धुक्यात हरवलेला. मधेच बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे वर आलेले, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. उतरल्यावर अण्णांनी मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली. एका वेळी थोडंथोडंच पाणी बघत होते ते.

रामधनजी साठीच्या आतबाहेरचे, डोक्याला मफलर. त्यांनी आम्हाला आधी राबडी दिली. ही आपली गोड राबडी नव्हे. ताकात बाजरीचं पीठ शिजवून केलेली आंबट पेज. अण्णा वाटी तोंडाला लावून म्हणाले, "ताकातल्या कण्यांवाणी लागतंय," आणि पहिल्यांदाच त्यांनी काही पुरतं संपवलं.

होडी पत्र्याची, मागे इंजिन. रामधनजी मागे दांडा धरून बसले. अण्णा त्यांच्या पुढ्यात, तोंड मागच्या पाण्याकडे करून. मला अण्णांनी पुढच्या टोकाला बसवलं.

"तू म्होरं बघ," ते म्हणाले. "पाण्यावर काय आलं की सांग."

मासे धरायची त्यांची ही रीत मी लहानपणी काठावरून पाहिली होती. होडी चालती ठेवायची आणि मागे लांब दोरीवर चमचा ओढत न्यायचा. चमचा पाण्यात डुलतो, मोठ्या माशाला वाटतं लहान मासा चाललाय. पण अण्णांची होडी वल्ह्यांची. इथे इंजिन. रामधनजींनी ते अगदी कमी केलं, तरी चमचा गरगर फिरत पाण्यावर येऊ लागला. अण्णांनी नुसतं बोट दोरीवर ठेवून सांगितलं, "पळतंय. हळू घ्यायला सांग त्यांना."

"ईं सूं धीरे तो कोनी चाले, बाउजी," रामधनजी म्हणाले (याहून हळू तर नाही चालत, बाबा). "बंद हो जाएगी."

"मग मासा कशाला यील? पळणाऱ्याच्या मागं कोण लागतं? लंगडणाऱ्याच्या मागं लागतात."

मी हे हिंदीत सांगितल्यावर रामधनजी हसले. म्हणाले, "थांका बापू तो मास्टर छै" (तुमचे वडील तर मास्तर आहेत).

अण्णांनी होडीतलं पाणी उपसायची बादली मागितली. तिला दोरी बांधून डाव्या अंगाने मागे सोडली. बादलीत पाणी भरलं, होडीला ओढ बसली, वेग पडला. पण होडी डावीकडेच वळू लागली. रामधनजी दांडा सावरतात तोवर बादलीची कडी निसटली आणि बादली बुडाली. "गई," रामधनजी म्हणाले. मी माफी मागितली तर म्हणाले, "मेरी नहीं, घरवाली की थी. अब आप ही चलके बताना."

परत काठाला लागलो. रंगाचे दोन रिकामे डबे मिळाले. अण्णांनी पेचकसाने दोन्हींच्या बुडाला भोकं पाडली, म्हणजे पाणी आरपार जात राहील आणि डबे हिसके देणार नाहीत. डब्यांच्या गळ्याशी तार गुंडाळून दोऱ्या बांधल्या, वावेने, म्हणजे दोन्ही हात पसरून, मोजून दोन्ही सारख्या. हे सगळं त्यांनी पाण्याकडे बघत केलं. गाठींकडे एकदाही पाहिलं नाही.

डावी-उजवीकडे एकेक डबा सोडल्यावर या वेळी होडी सरळ चालली, आणि इतकी सावकाश, की काठावरचा माणूस तिच्याबरोबर रमतगमत चालला असता. इंजिन बंद पडू नये म्हणून रामधनजी त्याच्यावर वाकून बसले होते. अण्णांनी दोरी तर्जनीवर घेतली आणि डोळे मिटले.

"आता बरोबर," ते म्हणाले.

मी मान वळवून पाहिलं तर त्यांचा चेहरा एका बाजूने दिसत होता, इतका निवांत तो मी कधी पाहिला नव्हता. घरी डोळ्यांत थेंब घालताना खाटेवर पडलेला माणूस हा नव्हता. बोटाच्या एका पेरावर त्यांना खालचा दगड, झाडाचं खोड, पाण्याची खोली सगळं कळत होतं. "हितं शेत होतं कुणाचं तरी," एकदा म्हणाले. "बांध लागला." माझ्या मनात आलं, होडी विकायला नको. त्यांना जमतंय. उन्हाळ्यात मी रजा घेईन, बरोबर जाईन.

मग पुढे बघायचं म्हणून पुढे बघितलं. दूर पाण्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. मला मंदिरात येणाऱ्या लोकांचा राग आला. जयपूर हे पाणी पितं आणि लोक त्यात बाटल्या टाकतात.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आला."

मी वळलो. दोरी ताठ झाली होती. अण्णांनी ती ओढली नाही, थोडी सोडली, मग धरली. मागे पाणी फुटलं आणि लांबोडकं चंदेरी अंग दिसलं. "लांची!" रामधनजी म्हणाले (मिशांचा मोठा शिकारी मासा). तिघेही मागे बघत होतो, तेव्हा होडी धक्का खाऊन तिरकी झाली. एक डबा कशात तरी अडकला, दुसरा त्याच्यावर आला, इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. अण्णांच्या हातातली दोरी सैल झाली. मासा गेला.

बाटल्या आता होडीच्या दोन्ही बाजूंना होत्या. त्यांना बांधलेलं जाळं खाली पाण्यात उभं होतं. ते आमच्या डब्यांना, दोऱ्यांना आणि इंजिनच्या पंख्याला गुंडाळलं गेलं होतं.

रामधनजींनी इंजिन वर उचललं. मग चाकू काढून जाळं कापू लागले. "शंकर का है," तिथल्या दुसऱ्या एका मासेमाराचं नाव घेऊन ते म्हणाले. "कल यहाँ नहीं था. हवा से सरका होगा."

अण्णा चाचपडत जाळ्याचा तुटका काठ हातात घेऊन बसले होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, "मेरा गलती है. मेरेको दिखा नहीं."

त्यांचं तोंड तर मागे होतं. पुढे मी होतो. मी बोललो नाही. रामधनजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा जाळं कापायला लागले.

काठावर शंकर भेटला. त्याला मी भरपाई देऊ केली. तो म्हणाला, सुई-दोरा घरात आहे, दोन दिवस बसून शिवीन. अण्णांनी त्याच्यापुढे हात जोडले. हे मला बघवलं नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णांनी माझा फोन मागितला. पांडूचा नंबर त्यांना पाठ होता, बटणं मी दाबली. "होडी घिऊन जा," ते म्हणाले. "वल्ही बी घे. उजवं जरा जड हाय, दमानं मार." फोन परत देऊन त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

टोंक शहर मागे पडलं तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, बाटल्या मला दिसल्या होत्या. मला वाटलं, कचरा."

ते खिडकीकडे तोंड करून होते. "किती हुत्या?"

"पाच-सहा. ओळीनं."

"ओळीनं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कचरा कवा ओळीनं ऱ्हातो का रं?" त्यात राग नव्हता. लहानपणी चुकलेलं गणित दाखवायला मी त्यांच्याकडे जायचो, त्यांना वाचता येत नसे, तरी ते वहीवर हात फिरवायचे, तसा आवाज होता.

"तुमची चूक नव्हती. पांडूला सांगू का, राहू दे म्हणून?"

"नगं."

"का पण? हातावर जमलं ना तुम्हाला. मी पाहिलं की."

"जमलं," अण्णा म्हणाले. "पर म्होरं कोण बसंल?"

मला सोमवारी शाखा उघडायची होती. उन्हाळ्याच्या रजेचं मी मनात ठरवलेलं होतं, ते तोंडून निघालं नाही. ज्याला पाण्यापासून लांब ठेवण्यासाठी त्यांनी आयुष्यभर वल्ही मारली, तोच आज पुढे बसला होता, आणि त्याला काही ओळखू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. मी बादली भरून न्हाणीघरात ठेवली आणि नेहमीसारखा बाजूला उभा राहिलो. अण्णांनी तांब्या घेतला, पाणी अंगावर घेतलं. बादलीत हात घातला नाही.