एथेलचा नकार पाच वर्षं टिकतो

एथेलने आयुष्यात पुष्कळ कामं केली. गोऱ्या मालकाच्या गुरांच्या कुरणावर पीठ, चहा आणि साखर एवढ्या मोबदल्यात भांडी घासली, सहा पोरं वाढवली, शाळेत चौदा वर्षं आपली भाषा शिकवली. पण उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आमच्या मुलखात ती ओळखली जाते खाणवाल्यांना नाही म्हणणारी बाई म्हणून. तीनदा म्हणून झालं होतं. कायदाच तसा आहे. आमचा नकार पाच वर्षं टिकतो, मग कंपनी नव्या टोपीत पुन्हा हजर. होकार मात्र एकदाच द्यायचा. जमीन तपासायला हो म्हटलं की पुढे खाणीला नाही म्हणायची सोय नाही. हा कायदा करणारा भलताच विनोदी असला पाहिजे.

चौथ्या खेपेला क्रेग नावाचा साहेब आला. बरोबर रंगीत नकाशे, दोन खोकी सॉसेज आणि दुभाषा म्हणून कंपनीचा शर्ट घातलेला डेस्मंड. डेस्मंड आमचाच, चांगला शहाणा माणूस, पण एथेलचा जावई. सासू-जावयांनी आमच्यात समोरासमोर येऊ नये, बोलणं तर दूरच. डोंगराच्या पोटात काय आहे ते क्रेगला सगळं ठाऊक होतं, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.

सभेच्या मंडपात डेस्मंड बसलेला, म्हणून एथेल लांब झाडाखाली पाठ करून बसली. आत तिचा मामेभाऊ लिओनार्ड आणि त्याचे भाऊ होते. जमीन त्यांच्या बापजाद्यांची. पण ती जमीन ज्यांच्या आईची, त्यांनी तोंड उघडल्याशिवाय मालकांनी बोलायचं नसतं, आणि तो मान एथेलचा. त्यामुळे सगळे खाली बघून सॉसेज चावत राहिले. लिओनार्डला कंपनीने छोट्या विमानातून दुसरी एक खाण फिरवून आणली होती. तो हो म्हणायच्या बेतात होता, तरी गप्पच.

क्रेगची कळी खुलली. नोंदी घ्यायला लँड कौन्सिलचा, म्हणजे आमच्या जमिनींचा कारभार बघणाऱ्या मंडळाचा, माणूस बसला होता, त्याला तो म्हणाला, "कुणाचीच हरकत दिसत नाही! लिहा, सर्वांची संमती."

झाडाखाली एथेल अर्धवट उठली. त्या डोंगराच्या पाणवठ्यावर तिची आई जन्मली होती. ओरडावं तर जावई ऐकणार.

डेस्मंड उठला. कंपनीचा शर्ट काढून, घडी करून त्याने खुर्चीवर ठेवला आणि उघड्या अंगाने ओढ्याकडे निघाला.

"अरे, कुठे चाललास?" क्रेग ओरडला.

"लघवीला. वेळ लागेल."

एथेल काठी टेकत आत आली. एक सॉसेज उचलून परत ठेवलं. "करपवलंस रे. आणि ऐक, आमचं नाही. माझ्या आईच्या पाण्यात भोकं पाडायची नाहीत."

"ताई म्हणते तेच," लिओनार्ड पुटपुटला. विमानाची फेरी पाण्यात गेली.

क्रेगने हसत फाइल मिटली. "हरकत नाही, पाच वर्षांनी भेटू." मग लँड कौन्सिलच्या माणसाकडे झुकून हळूच विचारलं, "आजीबाईंचं वय काय हो?"

एथेलचे कान शाबूत होते.

"चौऱ्याहत्तर. लिहून घे." तिने मागे बसलेली लिओनार्डची भाची दंडाला धरून उभी केली. "आणि ही शेरिल. हिच्याही आईची जमीन हीच. एकेचाळीसची आहे. हिला चारही मुलगेच, तेव्हा जावई शोधत बसू नकोस."