चिठ्ठीवरचं 'ठीक'

मी शहरात, सावेडीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. पुरुषांचं हिमोग्लोबिन तेराच्या खाली गेलं, बायकांचं बाराच्या खाली गेलं, की आमचं मशीन आकड्यापुढे चांदणी छापतं. गरोदर बाईला अकरापर्यंत सूट. एवढा फरक मला मान्य आहे, तो शरीराचा आहे. पण बाई सावेडीची की कर्जतकडची, हे मशीनला कळत नाही. ते माणसांना कळतं.

गेल्या हिवाळ्यात कर्जत तालुक्यातल्या एका गावात तपासणी शिबिर होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर तिथलंच. शाळेच्या ओट्यावर बायकांची रांग लागली. शिबिराच्या डॉक्टरांनी मला आधीच बजावलं, "आठच्या खाली असेल तरच लाल खूण करा. बाकीच्यांच्या चिठ्ठीवर 'ठीक' लिहा. इकडच्या बायकांचं एवढंच असतं. आणि गोळ्या पुरायला नकोत का?" राग आला, तो गिळून मी लिहीत बसले. साडेआठ, ठीक. नऊ, ठीक. मग बहीण आली. आठ पॉइंट चार. माझा हात थांबला. पण सगळ्या बघत होत्या, बहिणीपुरता वेगळा नियम कसा लावणार? तिच्याही चिठ्ठीवर मी ठीक लिहिलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "हंडा उचलला की डोळ्यापुढं अंधारी येती. मला वाटलं, काय तरी झालंय."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिच्याच वयाची एक बाई आली. दहा पॉइंट नऊ, चांदणी. नवरा घाबराघुबरा, डॉक्टरांचा लगेच फोन, गोळ्या, महिन्याने पुन्हा तपासणी. व्हायलाच हवं होतं ते सगळं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. शेतात राबणाऱ्या बाईला कमी रक्त पुरतं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

दुपारी बहिणीला फोन लावला. तो तिच्या सासूबाईंनी उचलला. मोबाईल घरी ठेवून ती कांद्याच्या लागणीला गेली होती.

"सकाळी म्हनत हुती, चक्कर येती, आज घरी ऱ्हाते. म्या चिठ्ठीच दावली. म्हनलं, ठीक लिवलंय, आन् तुझ्याच बहिनीनं लिवलंय."

"मावशी, ते चुकलंय. तिला घरी बोलवा. औषध लागणार आहे तिला."

"आगं, मग लिवताना कळलं न्हाई व्हय तुला?"

कळलं होतं.