सुशीलाबाईंचा पियानो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पियानोचा विषय निघाला की मी उठून जातो, तेव्हा तिला वाटतं, मला वाईट वाटतं. वाटतंच — पण कशाचं, ते तिला माहीत नाही.

अंबाजोगाईत आमच्या गल्लीमागं सुशीलाबाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. गावातली इंग्रजांची लष्करी छावणी उठली तेव्हा त्यांच्या आजोबांनी एका गोऱ्या साहेबाकडून उभा पियानो घेतला होता. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा लोकरी नमदा उंदरांनी खाल्लेला, तारा गंजलेल्या, निम्म्या पट्ट्या मुक्या. मी भजनात पेटी वाजवतो, पेट्या दुरुस्तही करतो, म्हणून बाईंनी मला बोलावलं. मी रशीदला सोबत नेलं. शिलाई मशीनचा मिस्त्री, शाळेपासूनचा माझा दोस्त.

वर्षभर आम्ही खपलो — खरं तर जास्त तोच. तुटलेल्या स्प्रिंगा त्यानं हातानं वळवल्या, हातोड्यांना नवा नमदा चिकटवला. मजुरी घेतली नाही. त्याची मुलगी रुखसाना बाईंकडं इंग्रजी शिकायला यायची ना — पियानो बोलू लागला की तोही तिलाच आधी शिकवीन, असा बाईंनी शब्द दिला होता.

मग नाताळात लोकांना बोलवायचं ठरलं. मला पियानोसोबत पेटी वाजवायची होती, गावासमोर. पण पियानो पेटीपेक्षा अर्धा स्वर खाली.

"राहू दे खालीच," रशीद म्हणाला. "लई जुनं लोखंड हाय, ताण सोसायचं न्हाई. तुला कावून घाई झाली बे?"

कावून? लोकांनी माझ्याकडं बघावं म्हणून. दुसरं काय?

शुक्रवारी दुपारी तो नमाजाला गेला. बाई आत झोपलेल्या. मी तारा पिळायची चावी घेतली आणि एकेक तार चढवत गेलो. सूर जुळत चालले होते — मला थांबवेना. मग बंदूक सुटावी तसा आवाज झाला. तारा पेलणारी आतली ओतीव लोखंडाची चौकट वरपासून खालपर्यंत तडकली.

बाई धावत आल्या. शेजारीही आले. आणि मी म्हणालो, "रशीदनं सकाळी तारा जास्त ताणल्या वाटतं."

'वाटतं' — तेवढा शब्द मी सांभाळून घातला.

रशीद परतला तेव्हा टोपी अजून डोक्यावरच होती. बाईंनी त्याला दारातच झापलं.

"बाई, सकाळपास्नं मी हात न्हाई लावला. ह्याला इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चावी माझ्या खिशात होती. मी मान खाली घातली.

"असल्यांना घरात घेऊच नये," मागून कुणीतरी म्हणालं.

असल्यांना म्हणजे कुणाला, हे मला कळलं. कुणीतरी असं बोलणार, हेही ठाऊक होतं — म्हणूनच तर त्याचं नाव इतक्या चटकन तोंडात आलं ना? घाबरून आलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी तरी बोललो असतो.

रशीदनं आपली हत्यारं गोळा केली. रुखसानाची शिकवणी त्याच आठवड्यात बंद झाली. बाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. मी तेव्हा आत बसलेलो होतो.

पियानो तसाच राहिला. मी मात्र दर रविवारी बाईंकडं जायचो. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "ह्यानं जीव ओतला होता हो, त्या मशीनवाल्यानं वाटोळं केलं." मी चहा पीत ऐकायचो. एकदा नाही, कितीतरी वर्षं.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या.

रशीदकडं जाऊन कबूल करावं, असं मनात येतं. पण त्याला नवीन काय सांगणार? त्याला त्या दुपारपासून माहीत आहे. माहीत नव्हतं ते बाईंना — आणि त्या होत्या तोवर मी गप्प बसलो.